चांद्याचा शेवटचा राजा

‘आटपाट नगर होतं’ म्हणून गोष्टीला सुरुवात केली, की पोरं सरसावून बसतात. गोष्टीतला राजपुत्र लाडावलेला आणि दुष्ट असला तर आणखीच. तो कुणाला सुळावर देतो, कुणाचं घर लुटतो, आणि शेवटी त्याची चांगली खोड मोडते. शाळेत गोष्टी सांगणाऱ्या गुरुजींना हे ठाऊकच आहे.

आपल्याला मात्र असं नगर शोधायला लांब जायला नको. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी आपण सारे चांदा जिल्ह्यात होतो, आणि इंग्रज व भोसले यांच्याही आधी चांद्याच्या गोंड राजांच्या मुलखात. त्या घराण्याचा शेवटचा सत्ताधारी राजा नीलकंठशहा. १७३५ साली तो गादीवर आला आणि सोळा वर्षांत राज्य बुडालं.

त्याच्या बापाची, रामशहाची, गोष्ट आधी सांगायला हवी. रामशहा गादीवर जन्मलेला नव्हे. वीरशहा राजा मारला गेला, त्याला मुलगा नव्हता, तेव्हा राणी हिराईने चांदनखेड्याच्या भाऊबंदांतून हे पोर दत्तक आणलं. ते लहान होतं तोवर कारभार तिनेच पाहिला. चांद्याचं महाकालीचं देऊळ आणि नवऱ्याची सुंदर समाधी ही तिचीच कामं. अशा बाईच्या नजरेखाली वाढलेला मुलगा मोठेपणी इतका सात्त्विक निघाला, की नागपूरचे रघूजी भोसले चांद्यावर डोळा ठेवून आले, पण राजाला पाहून देवाला करावा तसा नमस्कार करून परत गेले, असं सांगतात. रघूजी काही भाबडा माणूस नव्हता. म्हणूनच ही आठवण मला मोलाची वाटते.

नीलकंठशहाला हे सगळं आयतं मिळालं. तट आयता, खजिना आयता, बापाची पुण्याईही आयती. आणि बापाचा विश्वासू दिवाण, महादोजी वैद्य, हाही आयताच मिळाला. नव्या राजाने त्याला कामावरून दूर केलं आणि मग ठार मारलं. माझ्या मते या राजाच्या क्रूरपणाची सारी कहाणी या एका कृत्यात आहे. दिवाण म्हणजे दरबारात ‘महाराज, हे बरोबर नाही’ असं म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस. तो गेल्यावर बाकीचे काय बोलणार?

मग रयतेवर वसुलीचा जाच सुरू झाला. धानाची बांधी ज्याच्या घरी आहे त्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. याच घराण्यातल्या हीरशहाने पूर्वी असा नियम घातला होता, की जंगल तोडून जमीन काढील त्याची ती जमीन, आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. आपल्याकडचे कितीतरी जुने तलाव आणि तुकूम ही नावं त्या रीतीची खूण आहेत. राज्य असं उभं राहिलं होतं, राजा आणि कुणबी यांच्यातल्या शब्दावर. तो शब्द नीलकंठशहाने मोडला. वर देवगडच्या भाऊबंदकीत हात घातला. देवगडच्या राज्यावर तेव्हा रघूजीचा हात होता; म्हणजे निखाऱ्यावरच पाय दिला म्हणायचं.

रघूजी पुन्हा चांद्यावर आले. या खेपेला नमस्कार करायला नव्हे.

चंद्रपूरचा तट तुम्ही पाहिला असेल. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या दरवाज्यांतून आजही माणसं जातात-येतात. असला तट, पण लढाई न होताच शहर भोसल्यांच्या हाती गेलं. फितुरी झाली, असं इतिहास सांगतो.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या तटापाशी गेलो होतो. एकाने विचारलं, ‘सर, फितूर कोण होता?’ मी म्हटलं, ‘बाबा, नाव विचारतोस, पण आधी हे सांग, दरवाजा अडवून मरायला उभं कोण राहणार होतं? महादोजी वैद्याचे सोयरे? की ज्याच्या कोठीतलं धान ओढून नेलं तो?’ पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, ‘पण सर, हे लिहिलं कुणी? ज्यांनी राज्य घेतलं त्यांनीच ना?’

प्रश्न खरा होता, आणि मला आवडला. हरलेल्या राजाला दुष्ट ठरवणं जिंकणाऱ्याच्या सोयीचं असतं. ही हकिगत पुढे इंग्रज अंमलदारांनी, मेजर लूसी स्मिथ यांनी १८६९ च्या अहवालात, नोंदली. त्यांनाही गोंड राजांचा कैवार घेण्याचं कारण नव्हतं. पण त्याच अहवालात हीरशहाची, हिराईची, रामशहाची वाखाणणी आहे. सगळ्याच गोंड राजांना काळं फासायचं असतं तर ती कशाला केली असती? म्हणून नीलकंठशहाचा दोष मी खरा मानतो.

१७४९ च्या तहात राज्याच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश भाग भोसल्यांना द्यायचं ठरलं. दोन वर्षांनी, १७५१ साली, उरलेलंही गेलं. राजाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. वर्धा नदीच्या काठचा हा किल्ला त्याच्याच पूर्वजांचा; चांद्याच्या आधी राजधानी तिथेच होती. खाली नदी, वर तट, आणि तटावर पहारा भोसल्यांचा. नीलकंठशहा तिथेच वारला.