मनाचीही विचारपूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा तळजाईच्या वाटेवर फिरणाऱ्यांची बोलणी ऐकली आहेत का? कुणाची उपाशीपोटीची साखर किती आली, कुणाला गुडघ्यासाठी कोणता व्यायाम सांगितलाय, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे, सगळं अगदी मोकळेपणानं सांगितलं जातं. पण ‘पंधरा दिवस झाले, मला पहाटे तीनला जाग येते आणि मग नको नको ते विचार येतात,’ असं सांगणारा त्या घोळक्यात क्वचितच सापडेल. शरीराची विचारपूस आपण सहज करतो. मनाचा विषय निघाला, की अवघडतो.

आपल्या पुण्यातच पाहा. सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये गावाकडून आलेली मुलं वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. घरून फोन आला, की ‘अभ्यास छान चाललाय’ हे उत्तर ठरलेलं. हिंजवडीला जाणारा तरुण वाहतुकीत आणि कामात इतका थकतो, की घरी आल्यावर बोलायची ताकद उरत नाही. मुलं परदेशी असलेले कोथरूडचे आजी-आजोबा संगणकावर नातवंडांना पाहून हसतात, आणि पडदा बंद झाल्यावर घर पुन्हा शांत होतं. यांतलं कुणी आजारी असेलच असं नाही. पण ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकायला कुणीतरी हवं असतं.

मनाची रोजची निगा तशी साधी आहे. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली असावी. रोज थोडं चालणं व्हावं, दिवसातलं एक जेवण तरी कुणाच्या सोबतीनं, टीव्ही बंद ठेवून व्हावं. मन खाली गेलं, की माणूस म्हणतो, ‘बरं वाटलं की बाहेर पडेन.’ पण उत्साहाची वाट पाहत बसलं, तर तो येत नाही. आधी छोटी कृती करावी. कुंड्यांना पाणी घालावं, कोपऱ्यावरून भाजी आणावी. उत्साह मागून, हळूहळू येतो. मानसोपचारात ही पद्धत उपचार म्हणून वापरली जाते.

मात्र घरगुती उपाय कुठं थांबतात, हेही कळायला हवं. दुःख हा आजार नव्हे. जवळचं माणूस गेलं, परीक्षेत अपयश आलं, तर वाईट वाटणारच. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोजच राहिली, झोप आणि भूक बिघडली, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, रोजची कामं होईनाशी झाली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. थायरॉइडच्या बिघाडामुळेही कधी कधी असं होतं. तेही तपासलं जातं. औदासीन्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून, किंवा बरं वाटू लागलं म्हणून, ती परस्पर बंद करू नयेत.

२०१५-१६ साली देशात झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या सुमारे दहा प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. डॉक्टरांची संख्या कमी आहे हे खरं. पण घरातच ‘हे सगळं मनाचे खेळ आहेत’ म्हणून महिनोन्‌महिने वाया जातात, हेही तितकंच खरं.

मग विचारायचं कसं? चारचौघांत नको. चालता चालता, भाजी निवडता निवडता विचारावं. ‘अलीकडे तू गप्प असतोस, झोप लागते का?’ एवढं पुरतं. उत्तर आलं, की लगेच उपदेश करू नये. ‘तुला काय कमी आहे?’ या वाक्यानं समोरच्याचं तोंड कायमचं बंद होतं. आणि कुणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असं म्हणालं, तर जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं तसा विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, बोलता आलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. अशा माणसाला एकटं सोडू नये आणि मदत मिळवून द्यावी.

विचारपूस शुश्रूषा करणाऱ्याचीही व्हायला हवी. हे पुण्यातल्या दोन संस्थांनी ओळखलं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी १९८६ साली त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथं व्यसन सोडणाऱ्याबरोबर त्याच्या पत्नीचाही विचार झाला. ‘सहचरी’ या गटात या स्त्रिया एकमेकींशी बोलू लागल्या. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं १९९७ साली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन झाली. रुग्णांचे आईवडील, भावंडं तिथं एकत्र बसतात. २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपटही याच आजाराविषयी होता. आपल्यासारखं आणखी कुणी आहे, हे कळल्यानंच अर्धा भार उतरतो.

आता मदत मागणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. केंद्र सरकारची ‘टेलीमानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणं हा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला आधार द्यावा, हेही त्या कायद्यात आहे.

कायदा आणि फोन त्यांच्या जागी आहेतच. पण तो क्रमांक फिरवायला हात पुढं व्हावा, यासाठी आधी शेजारच्या कुणीतरी ‘काय रे, बरा आहेस ना?’ असं विचारावं लागतं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावं लागतं. आज संध्याकाळी एका माणसाला तरी विचारून पाहा. आणि तुम्हालाच कुणी विचारलं, तर ‘मजेत’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा.