‘बरं’ म्हणजे नेमकं काय?

‘बरं’ हा आपला दोन अक्षरांचा शब्द. आई म्हणते तेव्हा त्यात माया असते, सासरेबुवा म्हणतात तेव्हा नाराजी, आणि कचेरीतला कारकून म्हणतो तेव्हा ‘उद्या या’. रेडिओवर हा फरक आवाजातून कळतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र आवाज गळून पडतो.

ही अडचण संगणकवाल्यांना फार आधी जाणवली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवलं, की थट्टेच्या मजकुरापुढे दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि कंस टाकावा. मान कलती करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो! पुढे १९९९ मध्ये जपानच्या शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ चिमुकली चित्रं काढली. ‘इमोजी’ हा शब्दही जपानीच. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. २०१० साली युनिकोडनं त्यांना आपल्या ‘क’, ‘ख’सारखेच ठरलेले क्रमांक दिले. २०१९ साली त्यांत साडी, रिक्षा आणि पणतीही आली.

ती शोधणं सोपं आहे. मोबाइलच्या कीबोर्डवरच्या हसऱ्या चेहऱ्याला बोट लावा, सगळी चित्रं समोर येतात. विंडोजच्या नव्या संगणकांवर विंडोजची कळ दाबून धरून इंग्रजी पूर्णविरामाची कळ दाबायची.

खरी गोष्ट आहे ती वापरण्याची. जोडलेले हात कुणाला नमस्कार वाटतात, कुणाला आभार, तर जपानी माणसाला विनंती. उघड्या तळहातांचं चित्र दिसलं की आमच्या घरी दुआ आठवते. दुसऱ्या कुणाला त्यात मागणारे हात दिसतील. आणखी एक. दृष्टिहीन माणसांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, तेव्हा चित्राचं नावही उच्चारतो. आपण हौसेनं दहा चेहरे ओळीनं पाठवले, तर त्यांना तेच पुन्हा पुन्हा ऐकावं लागू शकतं.

म्हणून थट्टेत, कौतुकात चित्रं खुशाल वापरा. पण कुणाच्या घरी मृत्यू झाला, तर नुसते जोडलेले हात पाठवून मोकळे होऊ नका. ‘तुमच्या वडिलांनी मला सायकल शिकवली होती,’ असं एखादं वाक्य आधी लिहा. मग हात जोडा.