वजन उतरविल्यानंतरचा आहार

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आम्हांस या व्यासपीठावर पुन्हा एकदा उभे केल्याबद्दल मंडळाचे आम्ही आभारी आहोत. 'पुन्हा एकदा' हे शब्द आम्ही मुद्दाम उच्चारले. २०१९ सालच्या मेळाव्यात याच ठिकाणी आमचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. सहा महिन्यांत पंधरा किलो वजन उतरविले, हे त्या सत्काराचे कारण. त्या दिवशी आम्ही निश्चयाच्या बळावर अर्धा तास बोललो, आणि आपण टाळ्या वाजविल्या. पुढे करोनाच्या साथीमुळे दोन वर्षे मेळावा भरला नाही. २०२२ साली तो भरला तेव्हा आम्ही आलो नाही. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे निमित्त चिठ्ठीत लिहून पाठविले होते, परंतु शस्त्रक्रिया त्यापूर्वीच दोन महिने आटोपली होती. खरे कारण एवढेच, की उतरविलेल्या पंधरापैकी अकरा किलो अंगावर परत आले होते आणि ज्यांनी शाल पांघरली त्यांच्यापुढे तोंड दाखविण्याची आम्हांस लाज वाटत होती. छत्तीस वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविणाऱ्या माणसाने एका चिठ्ठीत खोटे लिहिले, ते आज सर्वांसमक्ष सांगून टाकतो आणि विषयाकडे वळतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. जे वाचले, डॉक्टरांस विचारून समजून घेतले आणि स्वतःच्या देहावर भोगले, तेवढेच सांगणार आहोत. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या अगर इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आमचे ऐकून एकही जेवण परस्पर बंद करू नये. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे.

वजन उतरविणे हा पूर्वार्ध होय. त्याविषयी सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. उत्तरार्धाविषयी, म्हणजे उतरलेले वजन तेथेच ठेवण्याविषयी, सहसा कोणी बोलत नाही. आम्ही २०१८ साली ८६ किलो होतो, उंची पाच फूट पाच इंच. एका परिचित गृहस्थाकडून पावडरीचे डबे घेतले, रात्रीच्या जेवणाऐवजी ती पावडर पाण्यात कालवून प्यालो आणि दुपारी नुसती कोशिंबीर खाल्ली. काटा ७१ वर आला. डबे संपले, सत्कार झाला, आणि आम्ही पूर्वीच्या ताटावर पूर्वीसारखे बसलो. मग जे व्हावयाचे तेच झाले. त्या सहा महिन्यांत आम्ही उपाशी कसे राहावे ते शिकलो होतो, जेवावे कसे ते शिकलो नव्हतो.

येथे शरीराचा कारभार थोडा समजून घेतला पाहिजे. देह लहान झाला की त्याचा खर्चही कमी होतो, हे कोणीही मान्य करील. परंतु न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात डॉ. लीबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले, की दहा टक्के वजन उतरलेल्या माणसाचा दैनंदिन खर्च त्या घटीच्या हिशेबाने जेवढा कमी व्हावा त्याहूनही अधिक कमी होतो. शरीरास दुष्काळाची शंका येते व ते काटकसर आरंभिते. भुकेची गोष्ट तर याहून विलक्षण. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली पन्नास स्थूल माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहार कमी करून त्यांचे वजन उतरविले होते. वजन उतरून वर्ष लोटले तरी त्यांच्या रक्तातील भूक वाढविणारी द्रव्ये चढलेली आणि तृप्ती देणारी द्रव्ये उतरलेलीच होती. त्याही पूर्वी, १९४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांस त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेविले होते. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. अन्न पुन्हा मोकळे केल्यावर त्यांतील कित्येकांचे पोट भरले तरी भूक जाईना, आणि अंगावर चरबी पूर्वीपेक्षा अधिक चढली. हे सारे वाचले तेव्हा आम्हांस मोठा धीर आला. आम्ही स्वतःस नादान ठरवून बसलो होतो. वस्तुतः आमच्या देहाने त्याचे काम चोख केले होते, आम्हीच त्याच्याशी कसे वागावे ते जाणत नव्हतो.

हल्ली वजन उतरविण्याची इंजेक्शनेही निघाली आहेत. ज्यांना डॉक्टरांनी दिली असतील त्यांनी ती जरूर घ्यावीत, त्यांत कमीपणा नाही. मात्र त्यांपैकी एका औषधाविषयी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. म्हणजे उत्तरार्ध तेथेही सुटत नाही.

आता आमच्या दुसऱ्या खेपेविषयी. २०२२ ची दिवाळी झाली आणि आमच्या मंडळींनी एके दिवशी भाजी निवडता निवडता सहज म्हटले, "अहो, तुमचं वजन उतरलं होतं, पण आपलं स्वयंपाकघर होतं तसंच राहिलं होतं." छत्तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस जे सुचले नाही ते त्या एका वाक्यात होते. त्याच दिवशी आम्ही दोघांनी तेलाचा हिशेब मांडला. घरात माणसे दोन, आणि महिन्यास एक लिटरच्या चार पिशव्या लागत. एका पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असते. म्हणजे माणशी रोज साठ ग्रॅमच्या वर! एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी धरल्या तर साडेपाचशे कॅलरी नुसत्या फोडणीत व तळणात जात होत्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटास तेल-तूप मिळून २७ ग्रॅम पुरेसे म्हटले आहे. आज आमच्या घरी दोन पिशव्यांत महिना निघतो. पहिले पंधरा दिवस भाजी बेचव लागली, हे कबूल केले पाहिजे. पुढे जीभ रुळली.

त्याच मार्गदर्शिकेत दिवसाचे ताट असे मांडले आहे : धान्य अडीचशे ग्रॅम, भाज्या चारशे ग्रॅम, फळे शंभर, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस मिळून पंच्याऐंशी, दाणे व तेलबिया पस्तीस ग्रॅम, आणि दूध-दही तीनशे मिलिलिटर. धान्य व डाळी कच्च्या तोलाच्या समजावयाच्या. आमच्यासारख्या बैठ्या व वयस्क माणसास दोन हजारही जास्त होतात, म्हणून आम्ही धान्य आणखी उतरविले. मंडळींनी तराजूवर पीठ तोलून पाहिले, तेव्हा आमच्या घरची एक भाकरी सत्तर ग्रॅमची निघाली व पोळी तीस ग्रॅमची. आता दुपारी एक भाकरी, रात्री दोन पोळ्या, आणि भात हवा असेल तर एक पोळी कमी. उणे पडलेली जागा भाजीने व उसळीने भरून काढावयाची. मटकी, मूग, हुलगे, पिठले, ताक, यांत नवे किंवा महाग असे काय आहे? आपल्या आज्यांच्या चुलीवर हे सर्व होतेच. फरक इतकाच की भाजी तोंडी लावण्यापुरती असे आणि भाकरी पोटभर. आम्ही तो क्रम उलट केला.

उसळी-डाळींवर आम्ही इतका भर का देतो, ते आपल्या ज्ञातीस सहज समजेल, कारण आपण सुई-दोऱ्याची माणसे. पहिल्या खेपेस वजन उतरले तेव्हा आम्ही आमच्या पुतण्याकडे विजार लहान करावयास दिली. त्याने टेप लावून पाहिला व म्हणाला, "काका, कंबर चार इंच उतरली हे ठीक, पण मांडी का इतकी सुकली?" तेव्हा त्याचे आम्ही हसण्यावारी नेले. वजन उतरते त्यात केवळ चरबी नसते, मांसही जाते. प्रथिने कमी व हालचाल नाही, तर ते अधिकच जाते. आणि जे वजन परत आले ते मांडीवर आले नाही, पोटावर आले. दुसऱ्या खेपेस म्हणून रोज दोन्ही वेळा उसळ किंवा डाळ, शिवाय वाटीभर दही. त्याच्या जोडीस खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठणे, भिंतीस हात लावून दंड काढणे, आणि सकाळी तासभर चालणे. आपले वाडवडील पायमशीन चालवीत, तेव्हा पायांस थोडेफार काम तरी असे. आता मोटर बसली, आणि दहा-दहा तास बूड हलत नाही.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेविली गेली आहे. निदान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर राखले अशा लोकांची ती नोंद असून त्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. त्यांतील बहुतेक दिवसास सरासरी तासभर व्यायाम करतात, चारांपैकी तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, आणि बहुसंख्य रोज न्याहारी करतात. ही यशस्वी झालेल्यांची नोंद आहे, फसलेल्यांची कोणी वही ठेवली नाही, म्हणून तिच्यावरून फार मोठे सिद्धांत काढू नयेत असे आमचे मत. न्याहारीचेच पाहा. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेल्या पद्धतीने दोनच वेळा जेवून कित्येकांनी वजन उतरविले आहे. आम्ही तीन वेळा जेवतो. जी पद्धत माणसास दहा वर्षांनीही सुखाने पाळता येईल ती त्याची, असे आम्हांस वाटते. वजन करण्याची गोष्ट मात्र आम्ही शिरोधार्य मानली. दर सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहतो आणि आकडा वहीत लिहितो. ७४ ही आमची रेघ. ७६ झाले की गोड बंद, रात्रीची एक पोळी कमी, आणि ७४ येईपर्यंत तोच क्रम. दोन किलो उतरविण्यास महिना पुरतो, अकरा किलोंस जन्म लागल्यासारखा वाटतो.

काट्यासंगे टेपही हवा. आशियाई माणसांत पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, व स्त्रीची ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, यावर गेली की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो असे मानतात. आमच्या कै. वडिलांच्या मापाच्या वह्या आम्ही जपून ठेविल्या आहेत. एकेका गिऱ्हाइकाची कंबर दर दिवाळीस अर्धा इंच कशी सरकत गेली, ते त्यांत स्पष्ट दिसते. वडील शिवणीत भरपूर माया सोडीत, म्हणजे पुढच्या वर्षी कपडा उसवून मोठा करता येई. आम्ही पुतण्यास सांगितले आहे, आमच्या विजारीत माया सोडू नकोस. घट्ट झाली की आम्हांस कळले पाहिजे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आम्ही वाळलो तेव्हा आपल्यापैकीच कित्येकांनी विचारले, "गुरुजी, आजारी होतात का?" आणि भरलो तेव्हा म्हटले, "पुन्हा होतात तसे झालात की!" दोन्ही वेळा मनात दुष्टावा नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु जो मनुष्य या वाटेवर आहे त्यास ही वाक्ये फार लागतात. तीच गोष्ट पंगतीतील आग्रहाची. पानावर आडवा हात धरलेल्या माणसाच्या बोटांवरून जिलबी सोडणे यास आपण प्रेम समजतो. लग्नसराईत एका महिन्यात सात पंगती आल्या, आणि प्रत्येकीत असा आग्रह झाला, तर तेलाच्या पिशव्यांचा हिशेब कोठे राहणार? आम्ही यावर एकच उपाय योजिला आहे. पंगतीस बसताना आधी कोशिंबीर व भाजी मागून घेतो, एक गोड पदार्थ मनापासून खातो, आणि पान संपेपर्यंत वाढप्याकडे पाहात नाही. न खाता उठून यजमानास दुखवावे, हे आम्हांस मान्य नाही. एकादशीस मात्र आम्ही कडक आहोत. साबुदाणा म्हणजे बहुतांशी पिष्ट, त्यात दाण्याचे कूट व तूप. दोन बशा खिचडी झाली की उपवास नावापुरता राहिला. त्या दिवशी आम्ही ताक, फळे आणि थोडे रताळे घेतो.

२०२३ च्या आषाढात आम्ही ७४ वर आलो, आणि तेव्हापासून ७३ ते ७६ यांच्यामध्ये आहोत. तक्त्याप्रमाणे पाहिले तर आम्ही अद्याप जाडच ठरतो, कारण आमच्या उंचीस साडेबासष्ट किलोंच्या वर जादा समजतात. आमचे डॉक्टर म्हणाले, साखर व रक्तदाब आटोक्यात आहेत, गुरुजी, हेच टिकवा. म्हणून आम्ही आणखी उतरविण्याच्या फंदात पडलो नाही.

मंडळास एक विनंती आहे. पुढील वर्षापासून वजन उतरविल्याबद्दल कोणाचा सत्कार करावयाचा असेल तर तो तीन वर्षांनी करावा. आणि मेळाव्याच्या भोजनात ज्वारीची भाकरी व एक उसळ ठेवावी, वाढप्यांनी दुसऱ्यांदा विचारूनच वाढावे. आजच्या भोजनव्यवस्थेच्या प्रमुखांनी यांतील भाकरीची सूचना आधीच मान्य केली आहे, हे कळविण्यास आनंद वाटतो. आम्ही टेप बरोबर आणला आहे. ज्यांना आपले माप नोंदवून ठेवावयाचे असेल त्यांनी पंगत बसण्यापूर्वी बाहेरच्या पडवीत यावे. जेवणानंतर माप घेऊ नये, असा आमच्या वडिलांचा दंडक होता.