आपो बेटाची राखण

फिलिपिन्समधलं आपो हे जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचं बेट. सुरुंग लावून केलेल्या मासेमारीनं इथली प्रवाळं फुटली, मासा आटला. सिलिमन विद्यापीठाचे आंजेल अल्काला यांनी कोळ्यांना विश्वासात घेतलं आणि १९८२ पासून गावानं किनाऱ्यालगतचा छोटा पट्टा मासेमारीला बंद केला. पहाराही गावाचाच. हातातोंडाची गाठ जेमतेम पडणाऱ्यांनी समुद्र कसा सोडायचा, ही शंका रास्तच होती. पण राखलेल्या पट्ट्यात मासा वाढला, बाहेरही पसरला आणि कोळ्यांच्या गळाला लागू लागला. मागोमाग पर्यटक आले, त्यांच्या शुल्काचा पैसा आला.

पर्यटकच प्रवाळ मोडतील, हा आक्षेपही खराच आहे. पाणबुड्याच्या पायातल्या रबरी पंखाच्या एका फटक्यानं प्रवाळाची बोटभर फांदी तुटते. ती भरून यायला वर्षं लागतात. म्हणूनच किती माणसं उतरवायची, हे ठरवताना गावाचा शब्द चालायला हवा. २०११ आणि २०१२ च्या वादळांनी राखीव पट्ट्याची वाताहत केली, तेव्हा तो पर्यटकांना बंद झाला. याउलट, आपल्या मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. तिथं मच्छीमारांचा विरोध राहिला. आधी त्यांच्याशी बोला, मग सीमा आखा.