माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ



९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींना आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले, हे येथे कोणास सांगावयास नको. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मुंबईत ४२.३४ मीटर्सवर गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. निवेदन करणाऱ्या उषा मेहता अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. यंत्राची बाजू नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीवाल्याकडे होती. १९३९ साली युद्ध पेटताच सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द केले होते; तरीही जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चालले.

हे घरच्या घरी साधले, कारण व्हॉल्व्हचे यंत्र डोळ्यांना दिसते. काचेची नळी, आतली हवा काढून घेतलेली. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. मध्ये जाळी असते. पाटाच्या तोंडाशी फावडेभर माती ओढली की पाणी जसे आवरते, तसा जाळीवरच्या किंचित दाबाने मोठा प्रवाह आवरतो. बाकी वेटोळी, कंडेन्सर आणि डाख. आजच्या नखाएवढ्या चकतीत काय चालले आहे, हे तिच्या कर्त्यालाही भिंगावाचून दिसावयाचे नाही!

असे संच नगरच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून सापडतात. भंगारवाला ते वजनावर नेतो. पण त्याहून अधिक संच मरतात ते हौसेने. आजोबांचा रेडिओ खाली काढला, धूळ पुसली आणि थेट वीज जोडली! कित्येक वर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला पातळ थर दुबळा झालेला असतो. पूर्ण दाब बसताच तो तापतो, फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. मग तसा ट्रान्सफॉर्मर कोठून आणावयाचा?

म्हणून आमचा आग्रह असा, की आधी कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलावेत. शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीशी जोडलेला कागदी कंडेन्सर तर अवश्य. तो गळू लागला की त्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते. जुने डबे मात्र फेकू नयेत. नवा कंडेन्सर त्यांच्या पोटात बसवावा, म्हणजे संचाचे रूप राहते. लाकडाला नवे पॉलिश चढवू नये, असे आमचे मत आहे; याविषयी मित्रांशी आमचे नेहमी भांडण होते.

हात घालण्यापूर्वी वीज तोडावी आणि कंडेन्सरमधला साठा रोधाच्या वाटेने उतरवावा. तीनशे व्होल्ट तेथे दबा धरून बसलेले असतात, आणि ते माणूस ओळखत नाहीत. मग वाटेत साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा घालून संच चालू करावा. एलईडी येथे उपयोगाचा नाही. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला, तर आत कोठे तरी जोड बसला आहे. बटण बंद करून पुन्हा शोध घ्यावा.