यकृताची कोठी रिकामी होऊ द्या

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द दिसले की पहिला प्रश्न येतो, “डॉक्टर, यकृत साफ व्हायला काय पिऊ? दुधीचा रस? गुळवेलीचा काढा?” आज मला एवढंच सांगायचं आहे : काही पिऊ नका, खाण्यात थोडी उसंत द्या.

यकृत म्हणजे घरातली धान्याची कोठी. जेवणातली साखर ते ग्लायकोजेनच्या रूपानं साठवतं, साधारण १०० ग्रॅम. रात्री आपण झोपलो की त्यातून मेंदूला शिधा जातो. म्हणजे कोठी रोज भरायची आणि रोज थोडी उपसायची, अशी ही व्यवस्था आहे. आपण मात्र रात्री साडेदहाला जेवतो, वर टीव्हीसमोर फरसाण, आणि उठल्याबरोबर गोड चहा-बिस्किटं. कालचं धान्य संपलेलं नसताना नवी पोती दारात! कोठीत मावेना की यकृत त्या साखरेची चरबी करतं. मग पोती माजघरात, पोती पडवीत, पाय ठेवायला जागा नाही. दारूला कधीही न शिवलेल्या माणसाला फॅटी लिव्हर होतं, ते असं.

आणि रसाचं म्हणाल, तर चोथा फेकून फळांचा रस प्यायलात की साखर तेवढी पोटात जाते. त्यातलं फ्रुक्टोज बहुतेक यकृतालाच निस्तरावं लागतं. कोठी आवरायला म्हणून आणखी एक पोतं आणलंत! काढ्यांनाही भुलू नका. २०२० च्या कोरोना साथीत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज येऊन कावीळ झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, असं धरून चालू नका.

मग करायचं काय? रात्रीचं जेवण आठच्या आत. भाकरी, पालेभाजी, वाटीभर आमटी. त्यानंतर सकाळच्या न्याहारीपर्यंत फक्त पाणी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रोज अर्धा तास झपझप चाला. शतपावलीवर भागवू नका. वजन जास्त असेल, ८० किलो समजा, तर चार किलो उतरले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. हळूहळू उतरवा. कडकडीत उपास नकोत.

पुन्हा सांगतो, कारण बायाबापड्या हेच विसरतात. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं वाया जाऊ नये म्हणून रात्री अकराला ताटात घेऊ नका. उरलं तर उरू दे. तुमच्या यकृताला रात्र मोकळी मिळू दे.

आज रात्री आठच्या आत जेवा.