काळ्या ज्वारीचा हिशेब



कणसात दाणा भरला आणि वरून पाऊस आला, की खरिपाची ज्वारी काळी पडते. अडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, तोंड वाकडे करतो आणि भाव पाडतो. पण मद्यार्काच्या कारखान्याला दाण्याच्या रंगाशी फारसे देणेघेणे नाही. त्याला हवा असतो दाण्यातला स्टार्च. मग तिथे आपल्या मालाचे काय होते, हे आपण समजून घ्यायला नको?

ज्वारी दळून पाण्यात शिजवतात. स्टार्चची साखर करतात, यीस्ट घालून आंबवतात. दोन-तीन दिवसांनी त्या आंबवणात शंभराला दहा-बारा भाग मद्यार्क असतो, बाकी बहुतेक पाणी. गाळून ही दोन वेगळी होत नाहीत. मद्यार्क ७८ अंशाला उकळतो, पाणी १०० अंशाला. म्हणून तापवले की वाफेत मद्यार्काचा वाटा वाढतो. पण पाणीही बरोबर येतेच.

आपण धान्य उफणतो तेव्हा एका उफणणीत सगळा भुसा जातो का? दुसरी, तिसरी उफणणी करावी लागते. कारखान्यातला उंच मनोरा हेच करतो. आत थरावर थर. प्रत्येक थरावर वाफ थंडावते, पुन्हा उकळते, आणि वर जाता जाता मद्यार्क वाढत जातो. शंभराला पंचाण्णव-शहाण्णव झाला की मनोऱ्याचे काम संपते. तिथे द्रवात जितके पाणी, तितकेच वाफेत. पेट्रोलसाठी ते उरलेले पाणी वेगळ्या यंत्रात शोषून काढतात.

हे ऐकून कुणी घरी भट्टी लावू नये. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली.

आता हिशेब. एका क्विंटल ज्वारीतून साधारण ३५ ते ४० लिटर मद्यार्क निघतो. खाली राहिलेला चोथा वाया जात नाही. प्रथिने त्यात राहतात, वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात. २००३ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०१८ च्या धोरणाने खराब धान्यालाही दार उघडले. २०२५ साली मिश्रण २० टक्क्यांवर गेले. तेल कंपन्या लिटरचा भाव हंगामासाठी आधी जाहीर करतात. क्विंटलचा भाव मात्र अडत्याच्या तळहातावर ठरतो!

आम्ही अनुदान मागत नाही, हिशेब मागतो. लिटरच्या भावाला लिटरने गुणा, पशुखाद्याची किंमत मिळवा, इंधन, मजुरी, यंत्राचा खर्च आणि कारखानदाराचा रास्त नफा वजा करा. उरेल तो काळ्या ज्वारीचा भाव. पुढच्या हंगामात माल गाडीत भरण्याआधी, गावागावांत हा हिशेब कागदावर मांडूया आणि एकत्र बसून सौदा करूया.